माणसं आधी बाहेर काढा

गेल्या अंकात एका वाचकांना उत्तर देताना समाजमाध्यमांवरचा वावर कमी करण्याबद्दल मी दोन-चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सदर त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. बहुतेक पत्रांत एकच सूर आहे: तिथं मन लागत नाही, आणि सोडवतही नाही. त्यातली पाच पत्रं घेतली आहेत. कोणाचंही नाव छापलेलं नाही आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

ताई, मी ४६ वर्षांची, मिरजेत राहते. २०१० पासून फेसबुकवर आहे. मुलगी लहान होती, नोकरी सोडलेली होती, दुपारच्या निवांत वेळी मी तिथं लिहायला लागले. माहेरचं कोकणातलं घर, आजीच्या गोष्टी, कधी कविता. शाळेतल्या मैत्रिणी परत भेटल्या, नव्या झाल्या. माझे बाबा तोंडावर कधी कौतुक करायचे नाहीत, पण माझ्या प्रत्येक लेखाखाली दोन ओळी लिहायचे. ते आता नाहीत. अलीकडे तिथं गेलं की नुसती चिडचिड होते. लिहिलेलं पोकळ वाटतं. बंद करावं म्हणते, पण बाबांचे शब्द तिथं आहेत. शिवाय बंद केलं तर मी कुणाच्या लक्षातही राहणार नाही अशी धास्ती वाटते. मी माणूसघाणी होत चालले आहे का?

तुमच्या पत्रातली बाबांची ओळ वाचली आणि बाकी सगळं बाजूला ठेवलं. सर्वांत आधी ते शब्द हातात घ्या. कुठलंही बटण दाबायच्या आधी.

फेसबुकवर आपली सगळी माहिती उतरवून घ्यायची सोय आहे. सेटिंग्जमधल्या 'अकाउंट्स सेंटर'मध्ये ती सापडेल. तारखांचा पर्याय 'सर्व काळ' आहे ना आणि फोटोंचा दर्जा 'उच्च' आहे ना, एवढं नीट बघा. तयार झालेली फाइल काही दिवसच उपलब्ध असते, म्हणून आली की लगेच संगणकावर उतरवा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. पण बाबांच्या बाबतीत त्या फाइलवर विसंबू नका. तिच्यात तुमचं लिखाण येतं, तुमचे फोटो येतात, तुम्ही इतरांकडे केलेल्या कॉमेंट येतात. दुसऱ्यांनी तुमच्या लेखाखाली लिहिलेलं त्यात येईल असं मुळीच धरून चालू नका. अनेकांनी फाइल मिळाली म्हणून खातं काढून टाकलं आणि नेमकं हेच हातचं गेलं.

म्हणून ते काम हाताने करायचं. संगणकावर एकेक लेख उघडा, खालच्या सगळ्या कॉमेंट उलगडा, अगदी 'आणखी पाहा'सुद्धा, आणि प्रिंटचा पर्याय देऊन ते पान पीडीएफ म्हणून साठवा. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग विषय: '२०१३-०९ आजीचं जातं' असं काहीतरी. मी आयुष्यभर वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काम केलं. तारीख नसलेला कागद दहा वर्षांनी मुका होतो, हे फार जवळून पाहिलं आहे. जमलं तर बाबांच्या ओळी एका चांगल्या वहीत स्वतःच्या अक्षरात उतरवून काढा, कुठल्या लेखाखाली लिहिल्या होत्या त्या नोंदीसकट. मुलीलाही सोबत बसवा. तिला आजोबा त्या वहीत भेटतील.

बाबांचं खातं अजून तसंच असेल तर घरात कुणी ते काढून टाकणार नाही याची काळजी घ्या, कारण खात्याबरोबर त्यांनी लिहिलेलंही जाईल. निधनाचा दाखला देऊन ते स्मृतिखातं करून घेता येतं. मग त्यात कुणाला शिरता येत नाही आणि त्यांचं लिखाण जागेवर राहतं. मात्र तुम्ही तुमचं खातं काढलंत तर तुमच्या लेखांबरोबर त्याखालचं सगळंच जाईल. म्हणून वही आणि पीडीएफ आधी.

आता मन उडण्याबद्दल. तुम्ही स्वतःलाच दोष देताय आणि ते मला मान्य नाही. २०१० मध्ये तुम्ही जिथं गेलात ती जागा आणि आजची जागा यांचं नाव तेवढं एक आहे. न्यूज फीड, म्हणजे उघडल्या उघडल्या समोर येणारी पोस्टची रांग, २००६ मध्ये आली, लाइकचं बटण २००९ मध्ये. तरीही बराच काळ तिथं गेलं की मुख्यतः ओळखीच्यांचंच दिसायचं. मग हळूहळू क्रम बदलत गेला. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये वेळेनुसार दाखवणं सोडून आपल्या गणितानुसार दाखवायला सुरुवात केली. २०२२ मध्ये फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी स्वतःच सांगितलं की फेसबुकच्या फीडमधला साधारण १५ टक्के मजकूर तुम्ही फॉलोही न केलेल्यांचा असतो आणि हे प्रमाण दुपटीहून वाढवायचं आहे. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मेटा या फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीवरच्या मक्तेदारीच्या खटल्याचा निकाल लागला, कंपनीच्या बाजूने. त्या निकालपत्रात आलेले आकडे माझ्या मनातून जात नाहीत: तिथले लोक फेसबुकवर जो वेळ घालवतात त्यातला फक्त १७ टक्के मित्रमंडळींचा मजकूर पाहण्यात जातो. इन्स्टाग्रामवर ७ टक्के.

हे आकडे अमेरिकेतले आहेत, पण तुमच्या चिडचिडीचा उलगडा त्यात आहे. तुम्ही माणसांना भेटायला जाता आणि तिथं माणसं भेटत नाहीत. यात माणूसघाणेपणा कुठून आला? माणसांची ओढ असलेल्या बाईलाच असं रितं वाटतं. ज्यांना नुसती करमणूक हवी असते त्यांना त्या जागेत काहीही कमी पडत नाही.

तर दुसरं काम माणसांचं. मित्रयादी उघडा आणि सावकाश खाली जा. प्रत्येक नावापाशी एवढंच विचारा की हिच्या घरी काही बरंवाईट झालं तर मला कळायला हवं का? ज्यांच्याबाबत उत्तर 'हो' येईल आणि ज्यांचा नंबर तुमच्याकडे नसेल, त्यांची नावं कागदावर लिहा. मग एकेकीला स्वतंत्र निरोप पाठवा: मी इथं फारशी नसेन, तुझा नंबर आणि घरचा पत्ता दे, हा माझा. सगळ्यांसाठी एक जाहीर पोस्ट टाकून हे काम होत नाही, कारण ती पोस्ट कुणाला दिसेल हे तुमच्या हातात नाही. मी हे केलं तेव्हा इंदूरला दिलेली एक वर्गमैत्रीण सापडली. आम्ही वर्षानुवर्षं एकमेकींच्या फोटोंना अंगठे देत होतो आणि तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं मला माहीत नव्हतं. आता ती रविवारी फोन करते, आणि तिचं माळव्यातलं मराठी ऐकून माझा अख्खा दिवस बरा जातो. वाढदिवसही त्याच बैठकीत कालनिर्णयवर टिपून टाका. वाढदिवसासाठी म्हणून अडकून राहिलेल्या खूप जणी मला माहीत आहेत.

एवढं झालं की मग बंद करण्याचा विचार. दोन रस्ते आहेत. 'डिअ‍ॅक्टिव्हेट' केलंत की तुमचं पान लोकांना दिसत नाही, पण सगळं शाबूत राहतं आणि लॉग-इन केलं की परत उघडतं. मेसेंजर चालू ठेवायचा असेल तर तोही राहू शकतो. 'डिलीट' केलंत तर ३० दिवसांत मन बदलायला वाव आहे. त्यानंतर परतीचा रस्ता बंद, आणि त्यांच्याकडून सगळं पुसलं जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपमध्ये तुम्ही फेसबुकच्या खात्यानेच शिरत असाल तर तिथली सोय आधी बदला. तुमच्या जागी मी असते तर आधी डिअ‍ॅक्टिव्हेट करून गणपती, दिवाळी, संक्रांत जाऊ दिली असती. सणांनाच खरी हुरहूर लागते. ते दिवस निभावले तर पुढचं ठरवणं सोपं जाईल.

राहिली विसरलं जाण्याची धास्ती. खरं सांगते, बऱ्याच जणांच्या लक्षातसुद्धा येणार नाही, आणि ते कळतं तेव्हा काही दिवस दुखतं. ते दुखू द्या. पण कोकणातल्या घराबद्दल, आजीबद्दल इतकी वर्षं लिहिलंय ते वाया घालवू नका. ते आठ-दहा लेख निवडा, पुन्हा लिहा आणि मासिकाकडे, दिवाळी अंकाकडे पाठवा. दिवाळी अंकांची आपल्याकडे शंभराहून जास्त वर्षांची परंपरा आहे आणि संपादक नव्या लेखकांची पाकिटं आजही उघडतात. साभार परत आलं तरी कुणीतरी माणसाने ते वाचलेलं असतं.

ताई, मी १९ वर्षांची, लातूरची, स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात राहते. इन्स्टावर दिवसाचे तीन तास जातात. काढून टाकलं तर मैत्रिणींच्या गोष्टींतून मी बाहेर पडेन. शिवाय अभ्यासाच्या नोटा आणि जाहिराती तिथूनच कळतात. काय करू?

बाळ, खातं काढू नकोस, फोनमधून अ‍ॅप काढ. अभ्यासिकेतल्या किंवा मैत्रिणीच्या संगणकावर, ब्राउझरमधून, रविवारी संध्याकाळी बघ. तिथं रील बघत बसायला तितकी मजा येत नाही आणि निरोप मात्र सगळे वाचता येतात. लाइकचे आकडे २०२१ पासून लपवता येतात. तुझे आणि इतरांचेही लपव. आकडा दिसला नाही की तुलनाही बरीच ओसरते.

परीक्षेच्या जाहिरातींसाठी आयोगाचं अधिकृत संकेतस्थळ आठवड्यातून दोनदा उघड. खरी तारीख तिथंच असते, बाकी सगळे तिथूनच उचलून दामदुपटीने ओरडतात. आणि मैत्रिणींमधली जी सर्वांत जवळची आहे तिला सांगून ठेव की महत्त्वाचं काही असलं तर फोन कर. ती करेल. सदाशिव पेठेत राहत असलीस तर संध्याकाळी चहाला तिला प्रत्यक्षच भेट ना, अंतर ते किती!

मी नाशिकला घरगुती भाजणी, मेतकूट, गोडा मसाला करून विकते. इन्स्टाग्रामवर रोज रील टाकावी लागते. स्वयंपाकघर, माझे हात, आता तर सासूबाईंनाही कॅमेऱ्यासमोर बसवते, कारण त्या दिसल्या की जास्त लोक बघतात. मुलगा म्हणतो, "आई, तू माझ्याशी बोलतानाही फोन धरून असतेस." मला याचा वीट आला आहे. पण ऑर्डरी तिथूनच येतात. पोटावर पाय कसा देऊ?

पोटावर पाय देऊ नका. पण ऑर्डरी खरंच तिथून येतात का, हे आधी वहीत उतरलं पाहिजे. पुढचा महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारा, "आमचं कुठून कळलं?" आणि उत्तर ऑर्डरीच्या पुढे लिहा. माझा अंदाज असा की रील पाहून आलेल्यांपेक्षा 'जावेनं दिलं होतं, आवडलं' म्हणणाऱ्या जास्त निघतील. खाण्याच्या पदार्थांत चव ज्या तोंडाला लागली तेच तोंड परत मागतं. अंदाज चुकला तर चुकला, पण निर्णय वहीवरून घ्या, धास्तीवरून नको.

जी गिऱ्हाइकं आधीची आहेत त्यांचे नंबर इन्स्टाग्रामच्या बाहेर आणा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग करता येतो: पदार्थाचा फोटो, वजन, भाव. तो एकदा नीट केला की 'भाव काय' हे शंभरदा सांगावं लागत नाही. कामाच्या वेळेबाहेर आपोआप जाणारं उत्तरही लिहून ठेवता येतं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांना एकदम निरोप जातो, पण एक अट आहे: त्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवलेला असेल तरच तो पोचतो. म्हणून पाकिटावरच्या चिठ्ठीवर नंबर ठसठशीत छापा आणि खाली लिहा, 'हा नंबर सेव्ह करा, नवी भाजणी झाली की कळवू.' गूगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते, आणि घरचा पत्ता न दाखवता फक्त कुठल्या भागात माल पोचवता तेवढं दाखवायची सोय तिथं आहे. 'नाशिक भाजणी' असं शोधणाऱ्याला तुम्ही सापडाल, रोज हजेरी न लावता.

बचत गटात असाल तर मुंबईतल्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाची चौकशी करा, पुण्याच्या भीमथडी जत्रेचीही. तिथं चव देता येते. रीलमध्ये भाजणीचा वास येत नाही.

इन्स्टाग्राम ठेवाच, फक्त ते दुकानाच्या काउंटरवर ठेवा, माजघरात नको. मेटाच्या बिझनेस सूटमधून संगणकावर बसून महिन्याच्या पोस्ट आधीच लावून ठेवता येतात, त्या त्या तारखेला आपोआप पडतात. महिन्यातली एक दुपार त्याला द्या आणि फोनवरून अ‍ॅप काढा. तुमच्या धंद्याला हंगाम आहे. मसाला उन्हाळ्यात, भाजणी दिवाळीच्या आधी. हंगामात जास्त दिसा, श्रावणात कमी दिसा. रोज दिसायलाच हवं हा नियम तुमच्या गिऱ्हाइकाने घातलेला नाही.

आणि सासूबाईंना विचारा. त्यांना कॅमेऱ्यासमोर बसायला आवडत असेल तर तो त्यांचा आनंद, चालू द्या. पण त्या नुसत्या सुनेला नाही म्हणवत नाही म्हणून बसत असतील तर लगेच थांबवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा ही विक्रीची वस्तू होता कामा नये, मग त्याने कितीही पाकिटं खपोत. मुलगा जे बोलला ते त्याने हिंमत करून बोलून दाखवलं आहे. त्याचं आजच ऐका, वहीचा निकाल यायची वाट बघू नका.

मी एस.टी.तून निवृत्त झालो, साताऱ्याजवळ राहतो. आमच्या भावकीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, थोरले बंधू अ‍ॅडमिन. सकाळपासून फुलांची सुप्रभातं, औषधांचे उपाय, राजकारण. निवडणुकीच्या वेळी पुतण्याशी माझी तिथंच जुंपली, अजून बोलणं नाही. एखादी खोटी बातमी आहे म्हटलं की "काका, तुम्ही नेहमीच" म्हणतात. बाहेर पडावं तर दादांना वाईट वाटेल आणि कुणाचं निधन झालं तरी मला कळायचं नाही. अहो, हल्ली दहाव्याचा निरोपसुद्धा तिथंच येतो.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. लोक या ग्रुपांत गंमत म्हणून राहत नाहीत. मयतीचा निरोप चुकेल या भीतीने राहतात. आपल्याकडे लग्नाचं बोलावणं राहिलं तर चालतं, मयतीला न जाणं पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवलं जातं.

म्हणून निरोपाची वेगळी व्यवस्था करायची. व्हॉट्सअ‍ॅपवर असा ग्रुप करता येतो जिथं फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतात, बाकीचे वाचतात. दादांना सुचवा: 'निरोप' नावाचा दुसरा ग्रुप करा, त्यावर फक्त तुम्ही आणि एखादी जबाबदार सून. जन्म, लग्न, आजारपण, निधन, जत्रा, पालखी, शेताच्या मोजणीची तारीख. बाकी काही नाही. थोरल्यांचा मान राहतो, उलट वाढतो. जुना ग्रुप ज्यांना हवा त्यांना राहू दे.

हे पत्राने किंवा ग्रुपवर सांगू नका, जाऊन सांगा. व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ पासून गुपचूप बाहेर पडायची सोय दिली आहे, पण बाहेर पडलेलं अ‍ॅडमिनला कळतंच. तुमचे अ‍ॅडमिन दादाच, तेव्हा त्या सोयीचा तुम्हाला उपयोग नाही. नवा ग्रुप होईपर्यंत जुना कायमचा म्यूट करा आणि अर्काइव्हमध्ये टाका. तिथं नवा निरोप आला तरी तो वर उसळी मारत नाही. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, फोनही हलका होईल. आणि 'मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' या ठिकाणी 'माझे संपर्क' निवडा, म्हणजे अनोळखी लोक परस्पर कुठे ओढणार नाहीत.

खोट्या बातमीला खोटी म्हणणं मात्र सोडू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते आठवा. पोरं पळवणारी टोळी फिरतेय असे फॉरवर्ड गावोगाव फिरत होते, आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. पुढे २०२० मध्ये फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. ते फॉरवर्ड पाठवणाऱ्यांतही कुणाचे काका होते, कुणाचे पुतणे होते, आणि आपल्या माणसांना सावध करतोय असंच त्यांना वाटत असणार. म्हणून बोला. पण ज्याने पाठवलं त्याला एकट्याला फोन करून बोला. सगळ्यांसमोर चूक दाखवली की माणूस बातमी विसरतो आणि अपमान धरून बसतो.

पुतण्याशी अजून बोलणं नाही असं तुम्ही लिहिलंत. तो भांडला तेव्हा समोर तीस-चाळीस नातेवाईक बघत होते, म्हणून त्यालाही माघार घेता आली नाही आणि तुम्हालाही. पुढच्या वेळी तो गावी आला की मळ्यात घेऊन जा. राजकारण काढू नका. त्याच्या नोकरीचं विचारा, पोराच्या शाळेचं विचारा. बोलणं सुरू व्हायला तेवढं पुरेल.

मी बीड जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. सांगलीकडच्या एका गावात भोंगा वाजला की मोबाइल बंद होतात असं ऐकलं. ते खरं आहे का? आमच्या गावात करायचं तर कसं? मुलांपेक्षा पालकच जास्त गुंतलेले आहेत.

खरं आहे, आणि ते गाव आमच्या कराडपासून फार लांब नाही. मोहित्यांचे वडगाव, तालुका कडेगाव, वस्ती तीन हजारांच्या आसपास, बहुतेक शेतकरी आणि साखर कारखान्यात कामाला जाणारे. कोविडच्या काळात शाळा फोनवर भरली, मुलांच्या हातात फोन आले ते शाळा उघडल्यावरही सुटेनात. २०२२ च्या १४ ऑगस्टला गावाने महिलांची सभा घेतली आणि भोंगा आणायचं ठरलं. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही आणि फोन बंद, साडेआठला सुटका. त्या वेळेत अभ्यास, वाचन, गप्पा. सुरुवातीला लोक मनावर घेईनात, तेव्हा आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

मला यात भोंग्यापेक्षा एक गोष्ट मोलाची वाटते: सगळ्यांनी एकाच वेळी बंद करणं. वर मिरजेच्या ताईंना, लातूरच्या मुलीला, साताऱ्याच्या काकांना जी भीती आहे ती एकच आहे, मी एकटा बाहेर पडलो तर मागे राहीन. वडगावात सातला कुणीच तिथं नसतं, म्हणून कुणाचं काही चुकत नाही. एकट्याला जे महिनोन्‌महिने झगडून जमत नाही ते गावाला दीड तासापुरतं रोज जमतं.

तुमच्या गावासाठी माझ्या मनात जे येतं ते सांगते. सुरुवात महिलांच्या सभेपासून करा, ग्रामसभेत थेट मांडू नका. ग्रामसभेत चर्चा दंडावर जाते आणि दंडावर गेलेली गोष्ट दोन आठवड्यांत मोडते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं तुमच्याकडे बरीच असतील. ती दिवाळीच्या सुमाराला बाहेर पडतात, आणि त्यांच्यासाठी फोन हाच मागे ठेवलेल्या लेकरांशी बोलायचा मार्ग असतो. कारखान्याच्या तळावरून आईचा फोन संध्याकाळीच येतो. तेव्हा वेळ ठरवताना त्या आयांना आणि त्या मुलांच्या आज्यांना आधी विचारा, आणि घरच्यांचा फोन कधीही घ्यायचा ही सवलत पहिल्या दिवसापासून सांगून टाका.

पालकांचं म्हणाल तर शिक्षकांपासूनच सुरू करा. शाळेच्या वेळेत तुमचे आणि तुमच्या सहकाऱ्यांचे फोन मुख्याध्यापकांच्या टेबलावर, मुलांना दिसतील असे. महिनाभर हे दिसलं की तुमचं बोलणं पालक ऐकतील. आणि फोन बंद झाल्यावर त्या दीड तासात मुलांनी करायचं काय, याची तयारी हवीच. पुस्तकं कमी असतील तर मला कळवा. आमच्या वाचनालयात मुलांची दुबार पुस्तकं पडून आहेत, समिती मान्य करेल असं वाटतं. कुठल्या इयत्ता आहेत, किती मुलं आहेत आणि मराठीशिवाय बंजारा बोलणारी मुलं किती आहेत तेही लिहा, म्हणजे चित्रांची पुस्तकं त्या हिशोबाने काढता येतील.